खोबोर नावाचा कॉलम

आई गेल्यावरही हॉस्पिटलचे तिला मेसेज येत राहिले. आधी तिचं पूर्ण नाव, मग 'आपली शुगर तपासण्याची वेळ झाली आहे.' यायचे बाबांच्या फोनवर, कारण नंबर त्यांचा दिला होता. मेसेज आला की कोलकात्यातल्या बेहालाच्या घरात बाबा दिवसभर जेवत नसत, बोलतही नसत. बँकेच्या बदलीमुळे इथे आलेला हा माणूस निवृत्तीनंतर इथेच राहिला होता, आणि मराठीत बोलायला आता मी एकटी, तीही रविवारपुरती. माझं डोकं फिरायचं.

त्याच हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळायचं काम सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात आलं. इतर घरांतूनही तक्रारी होत्याच. मृतांचे नंबर काढून टाका, असं मला सांगितलं गेलं. मी तर टपूनच बसले होते.

माहितीची टेबलं ढीगभर, आणि कशात काय आहे हे सांगणारा कागद एकही नाही. पण डेटाबेस आपल्या टेबलांची आणि कॉलमांची नावं स्वतःजवळ ठेवतो. क्वेरी लिहून त्यालाच विचारायचं. नावात 'फोन' असलेले कॉलम विचारले, 'मोबाइल' असलेले विचारले. सापडले तिथले मृतांचे नंबर काढले. पुढच्या महिन्यात मेसेज पुन्हा हजर! बाबा पुन्हा उपाशी.

मग नावांचा नाद सोडला आणि फोन नंबर मावेल असे सगळेच कॉलम मागवले. डोळे दुखेपर्यंत वाचत गेले. त्यात एक निघाला 'खोबोर'. बंगालीत खोबोर म्हणजे खबर; ती कोणाला द्यायची, तो नंबर. इथल्याच कुणीतरी आपल्या भाषेत नाव ठेवलं होतं, आणि अर्धं आयुष्य कोलकात्यात काढलेली मी इंग्रजीत शोधत बसले होते. दुसऱ्या एका टेबलात आई मृत होती; या टेबलात तिची शुगर तपासायची बाकी होती. तिच्या नावापुढचा नंबर पुसला आणि सुटल्यासारखं वाटलं.

मेसेज थांबले. एका रविवारी बाबा फोन घेऊन माझ्याजवळ आले.

"अगं, हा बिघडलाय का बघ. हॉस्पिटलचा मेसेज आला नाही यावेळी."

"आता येणार नाही, बाबा. मीच बंद केला. तुम्हाला त्रास व्हायचा ना."

त्यांनी फोन खिशात ठेवला.

"व्हायचा," ते म्हणाले. "पण तिचं नाव घेऊन कोणीतरी बोलवायचं गं तिला."

त्या दिवशीही ते जेवले नाहीत.