सफरचंदाचे चाप आणि पातेल्याचा तळ

माझी मुलगी आयर्लंडला नर्स आहे. मागच्या नाताळात आली तेव्हा तिनं माझ्यासाठी विजेवर चालणारं एक भांडं आणलं. आत चिनी मातीचं जड पातेलं, वर काचेचं झाकण, खाली एकच बटण. "मम्मी, सकाळी शाळेत जाताना सगळं आत टाकायचं आणि संध्याकाळी आल्यावर काढायचं. दिवसभर आपलं हळूहळू शिजत राहतं. तुला काहीच करायचं नाही," ती म्हणाली. तुला काहीच करायचं नाही असं मला याआधी कोणी म्हटल्याचं आठवत नव्हतं, म्हणून मी ते भांडं कौतुकानं पुसलं आणि माळ्यावर टाकून दिलं. दिवसभर घरात कोणी नसताना गॅससुद्धा चालू न ठेवणारी बाई मी. विजेवर मटण सोडून शाळेत गेले असते तर फळ्यावर सुद्धा मला ते मटणच दिसलं असतं.

ते भांडं खाली काढायची वेळ सासूबाईंमुळे आली.

सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. मूळच्या नेवाशाकडच्या. लग्न होऊन नगरला आल्या आणि वीसेक वर्षं मिशनच्या बंगल्यावर मडमबाईच्या स्वयंपाकघरात राबल्या. मी सून म्हणून आले तेव्हा ते काम कधीच सुटलं होतं, पण स्वयंपाकघर त्यांच्याकडून सुटलं नव्हतं. सावेडीच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही त्यांचं बूड ओट्याजवळच्या लाकडी स्टुलावर. आताशा त्या काही करत नसत, नुसत्या बसत आणि मला चुका सांगत. कांदा जाड चिरला. फोडणी जळाली. दूध बघ. मी दिवसभर चाळीस पोरांना चुका सांगून यायचे आणि घरी माझ्या चुका ऐकायचे. रागही यायचा. नाही म्हणून उपयोग नाही.

मग एके दिवशी त्या त्याच स्टुलावरून उठताना घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मी धसका घेतला. स्टूल उचललं, गॅलरीत नेऊन ठेवलं आणि जाहीर केलं की आजपासून आईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यांना हॉलमधल्या जेवणाच्या टेबलाशी, हातांची खुर्ची दिली. चांगली काचेची प्लेट काढली. पहिलं ताट त्यांचं वाढायचं, गरमगरम, आणि त्यांनी खायला सुरुवात केल्याशिवाय आम्ही घास घ्यायचा नाही, असा नियमच केला. शेजारणी म्हणाल्या, अशी सून मिळायला भाग्य लागतं. मी मनातल्या मनात होय म्हटलं.

आणि त्याच आठवड्यापासून सासूबाईंनी जेवण सोडलं.

आजार काही नव्हता. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं झालं. गिळायला त्रास नव्हता. समोर ताट आलं की त्या हात मांडीवर ठेवून बसत. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटून मान फिरवत. दिवसाकाठी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. मधूनमधून काळवेळाचं भानही सुटायला लागलं होतं. नवऱ्याकडे बघून एकदा "साहेब" म्हणाल्या. तो एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, त्याला जन्मात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. तो हसला, पण बाहेर जाऊन बराच वेळ गॅलरीत उभा राहिला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत बघा. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या आईला घातली होती. ती उपटून टाकायची, म्हणून आम्ही तिचे हात पलंगाला ओढणीनं बांधले होते. शेवटचे दोन महिने ती माझ्याकडे नुसती बघायची. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. पण खरं सांगते, सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांचं ते वाक्य ऐकलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं. नळी असली की दर तीन तासांनी दूध ओतायचं, पाच मिनिटांचं काम. विनवण्या नाहीत, सांडणं नाही, पुसणं नाही. तेव्हा माझी सकाळी शाळा, दुपारी मतदार यादीचं काम घेऊन दारोदार फिरणं, संध्याकाळी हे. मी इतकी दमले होते की कोणाचे तरी हात बांधायचा विचार मला सोपा वाटला. घरी येताना रिक्षात त्याची लाज वाटली आणि मी रुमाल तोंडावर धरून बसले.

तो गुरुवार होता. त्याच संध्याकाळी मी फळं धुवत होते. हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "सफरचंदं सोलली का?"

मी ओल्या हातानं धावले. "कशाला आई? सफरचंद खाणार का?"

"चापात घालायची न्हाईत व्हय? मडमबाईचं पाव्हणं यायचं हाय."

तीन आठवड्यांत खाण्याबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या. मी तडक आयर्लंडला फोन लावला. मुलगी म्हणाली, "मम्मी, पोर्क चॉप्स विथ अॅपल! इकडे सगळे करतात. माळ्यावरचं भांडं काढ. आठ तास ठेवलं की मांस लोण्यासारखं होतं, आजीला चावावंही लागणार नाही."

डुकराचं मटण सगळीकडे मिळत नाही. भिंगारकडे एक जण विकतो, त्याच्याकडे शुक्रवारी नवऱ्याला पाठवलं. "बोटभर जाड चाप, हाडासकट. तुकडे करू देऊ नका," असं तीनदा बजावलं. त्यानं आणले बरोबर. सफरचंदं मी पाइपलाईन रोडवरच्या गाडीवरून आणली, जरा आंबट असलेली.

शनिवारी शाळेला सुट्टी टाकली. सकाळी तव्यावर चाप दोन्ही बाजूंनी लाल केले. भांड्यात तळाला कांदा, त्यावर चाप, त्यावर सफरचंदाच्या फोडी. मीठ, मिरे, दालचिनीचा तुकडा, थोडा गूळ, चमचाभर व्हिनेगर. आलं-लसूण नाही, तिखट नाही. माझा हात चारदा मसाल्याच्या डब्याकडे गेला. नवरा भांड्यात डोकावून म्हणाला, "हे आजाऱ्याला चालेल. मला काय आहे?" मी म्हटलं, "हेच." साडेनऊला बटण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक चालू असताना बसले.

बसले म्हणजे काय, दर वीस मिनिटांनी उठून झाकण काढत होते. मुलीनं बजावलं होतं, उघडू नको, वाफ जाते. पण न ढवळता शिजतं यावर माझा विश्वास बसेना. आणि साडेअकराला पंखा थांबला.

शनिवार! आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दर शनिवारी सकाळी टाकी भरून ठेवणारी मी, आठ तास विजेवर शिजणारा पदार्थ नेमका शनिवारी लावून बसले. लाईट चारपर्यंत येणार नव्हती. मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या, सगळं मोठ्या पातेल्यात ओतलं आणि बारीक गॅसवर ठेवलं. ओट्याला टेकून उभी राहिले. मग गॅलरीतलं स्टूल आत आणून त्यावर बसले. मग भिंतीला डोकं टेकलं.

जाग आली ती वासानं. करपलं होतं. नवरा हॉलमध्ये पेपर तोंडावर घेऊन घोरत होता. मी पातेलं उतरवलं, वरचे चाप आणि फोडी अलगद उचलून परत त्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवले. तळाला गूळ, कांदा, सफरचंद आणि चरबी यांची काळपट खरवड घट्ट बसली होती. ते पातेलं घासायचंही त्राण नव्हतं. तसंच ओट्यावर कोपऱ्यात सरकवलं. चारला लाईट आली, पुन्हा बटण लावलं. आणि मी रडले. मटणासाठी नाही. सोमवारसाठी.

संध्याकाळी साडेसातला टेबल मांडलं. नाताळात काढतो तो पांढरा टेबलक्लॉथ घातला. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात लोणी घातलं, पाव गरम केला. चाप खरंच लोण्यासारखे झाले होते. चापांना चढलेला करपट वास गेला होता. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, केस विंचरले. नवऱ्यानं डोळे मिटून प्रार्थना केली, त्यात "आईला भूक दे" असं म्हणताना त्याचा आवाज फाटला. मी पहिलं ताट सासूबाईंपुढे ठेवलं.

त्यांनी ताटाकडे बघितलं. वास घेतला. ओळखीचा असावा, कारण त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मग त्यांनी ताट दोन बोटांनी हळूच माझ्या नवऱ्याकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले.

"आई, खा ना. तुझ्यासाठी केलंय," तो म्हणाला.

"आई, एक घास," मी म्हणाले. "दिवसभर केलंय हो."

मान फिरली. ओठ मिटले.

मग माझा तोल गेला. "ठीक आहे. नका खाऊ. सोमवारी नळी घालतील नाकातून, मग बसा!" मी हे अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला म्हणाले. ओरडूनच म्हणाले. नवरा मान खाली घालून खात राहिला. मीही चार घास कोंबले आणि ताटं उचलून आत गेले. नळ सोडला, माझं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

पाठीमागे वॉकरचा ठक ठक आवाज आला. सासूबाई दारात होत्या. नवरा त्यांच्या मागून हात पसरून चालत होता, पडतील म्हणून. त्यांनी सगळं स्वयंपाकघर नीट बघून घेतलं. दुपारी मी आत आणलेलं स्टूल दिसलं, त्यावर जाऊन बसल्या. ही त्यांची जुनी जागा. मग मला विचारलं, "जेवली का समदी?"

मी नळ बंद केला. "हो. जेवली."

"पाव्हणं उठलं?"

"उठले."

त्यांनी मान डोलावली. ओट्याच्या कोपऱ्यातल्या करपलेल्या पातेल्याकडे हात केला. मी भान नसल्यासारखं ते उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. चमचा दिला. त्यांनी तळ खरवडायला सुरुवात केली. थरथरता हात, पण खरवडायची सवय पक्की. आधी कडेनं, मग मध्ये. काळा, चिकट, गोड-करपट लगदा त्यांनी ताटात उरलेल्या पावाच्या तुकड्यावर घेतला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा घेतला.

दारातून नवरा पुढे यायला लागला. मी हातानंच त्याला थांबवलं. त्या मडमबाईच्या स्वयंपाकघरात होत्या आणि तो साहेब होता, तो आत आला असता तर बिघडलं असतं.

तळ अर्धा संपल्यावर सासूबाई थांबल्या. पातेल्यात चमच्यानं मधोमध एक रेघ ओढली आणि माझ्याकडे बघितलं. मी कोण वाटले त्यांना, मला माहीत नाही. सून नक्कीच नाही.

"नवी हायस व्हय?" त्या म्हणाल्या. "दमलीस लई. बस हितं. निम्मं तुजं हाय."

मी खाली फरशीवर बसले. माझ्या वाटणीची खरवड खाल्ली. कडू होती, आणि इतकी चांगली होती की मला हुंदका आवरेना. "रडू नगं," त्या म्हणाल्या, "उद्या कमी येत्याल."

सोमवारी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, आठवडाभर थांबून बघू. तो आठवडा अजून चालूच आहे.

आता आमच्याकडे रोज असं चालतं. स्टुलाला भिंतीशी दोरीनं बांधून घेतलंय, हलू नये म्हणून. संध्याकाळी टेबलावर नवरा एकटा जेवतो. जरा आवाज करत जेवतो, खुर्ची मुद्दाम फरफटत मागे घेतो आणि मोठ्यानं म्हणतो, "झालं आमचं!" मी भात थोडा लागू देते, भाजी तळाला थोडी करपू देते. तीस वर्षं मी हे टाळत आले होते, आता जमवावं लागतं. शाळेतून आले की पाय अजूनही तसेच दुखतात, यादीचं काम संपलेलं नाही, आणि विजेचं भांडं परत माळ्यावर आहे, त्यात तळाला काही लागतच नाही.

मी पातेलं उतरवून सासूबाईंच्या मांडीवर ठेवते. त्या आधी दाराकडे बघतात, माझा नवरा, त्यांचा मुलगा, हात धुवायला गेला याची खात्री करून घेतात.

"गेलं का?" त्या हळू आवाजात विचारतात. "बस आता."

आणि मी बसते.