मुका खांब

आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं आमच्या घरमालकांना आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि त्यांनी केलेली एखादी गोष्ट सरळ झाली असंही लवळे गावात कुणाला आठवत नाही. ज्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहते, ते त्यांनी गवंड्याला बाजूला सारून स्वतःच्या डोक्यानं बांधलेलं आहे. जिन्याच्या पायऱ्या वर जाताना बुटक्या होत जातात. राहायला आले त्याच दिवशी मी ठेचकाळले, तेव्हा त्यांनी शांतपणे खुलासा केला की चढताना माणूस दमत जातो, म्हणून वरच्या पायऱ्या मुद्दाम लहान धरल्यात. उतरणाऱ्यानं काय करायचं, याचा विचार झाला नव्हता. माझ्या दाराची घंटाही त्यांनीच बसवलेली. ती दाबली की शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांकडे वाजते आणि ती बिचारी पोरं माझ्या पाहुण्यांना पाणी देतात.

डोंगरावर कॉलेजं झाल्यापासून गावात घरोघरी खोल्या भाड्यानं जातात. मीही तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. बाकीचे मालक भाडेकरूची कागदपत्रं बघतात. आमचे मालक एवढंच विचारायचे, "झोपेत बोलता का?" पूर्वी कुणी मुलगा झोपेत गणितं सोडवायचा म्हणे, आणि ती चुकायची, त्यामुळे खाली यांना झोप लागायची नाही. चुकायची हे यांना कसं कळायचं, ते मी विचारलं नाही. वर्तमानपत्र ते शिळं करून वाचत. आजचा पेपर आल्या आल्या गोठ्याच्या फळीवर जायचा आणि चांगला मुरला की खाली यायचा, कारण त्यांच्या मते तेवढ्या वेळात त्यातलं खोटं कुठलं ते आपोआप कळतं.

या सगळ्या कारभाराला त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कसं तोंड दिलं असेल असं नव्या माणसाला वाटायचं. काकू मुठा खोऱ्यातल्या, अंगानं काडी आणि जिभेनं सुरी. नवऱ्यानं काही दुरुस्त करायला घेतलं की त्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि त्याचं काय चुकतंय ते सांगत राहायच्या. ते ऐकायचे नाहीत. वस्तू बिघडायची. मग दोघं मिळून चहा प्यायचे. त्यांचा संसार असाच चालला होता आणि मला वाटतं, उत्तम चालला होता.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी काकूंना कॅन्सर निघाला. पुण्याला फेऱ्या सुरू झाल्या, औषधं चढवणं सुरू झालं, आणि दिवाळीच्या आसपास त्यांचे केस गेले. गुडघ्यापर्यंतचे केस होते त्यांचे. न्हायल्यावर ते वाळवायला त्या ओट्यावर पाठमोऱ्या बसत, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघत. ते गेल्यावर काकूंनी ओट्यावर येणंच सोडलं. पदर कपाळापर्यंत ओढून त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मालकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी जे सुचलं ते केलं. एके सकाळी जाऊन स्वतःचं डोकं तुळतुळीत करून आले, बायकोला सोबत म्हणून. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "मी हाय अजून," त्या म्हणाल्या. "आत्ताच कशाला उरकून घेतलंत?"

त्यानंतर बरेच दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे चुकासुद्धा काढल्या नाहीत, आणि त्यामुळे हा माणूस घरात हरवल्यासारखा फिरायला लागला.

थंडी पडली तसं काकूंचं डोकं गार पडायला लागलं. मालकांनी पौडच्या बाजारातून माकडटोपी आणली. ती टोचते, डोक्यावर घोंगडं ठेवल्यागत वाटतं, म्हणून काकूंनी ती काढून टाकली. एका रविवारी मी गच्चीत भाचीसाठी क्रोशाचं झबलं विणत बसले होते. मालक टाकी बघायला वर आले, टाकी न बघता माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या हातांकडे टक लावून बघत राहिले. मग त्या मऊ लोकरीला त्यांनी बोट लावून पाहिलं.

"म्याडम, हे मला शिकवा," ते म्हणाले. "हिच्या डोक्यापुरतं."

मी म्हटलं, मीच करून देते, चार संध्याकाळचं काम आहे. त्यांनी मान हलवली. तुमच्या हातची ती घालंल, पण घालून आतच बसंल, असं त्यांचं म्हणणं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

शिकवणी सुरू झाली. त्यांच्या मुठीत माझी क्रोशाची सुई दिसेनाशी व्हायची. तिसऱ्या धड्याला त्यांनी पिरंगुटच्या एका वेल्डरकडून बोटभर जाडीचा लोखंडी आकडा करून आणला. त्यानं लोकरीचं नव्हे, दोरखंडाचंच काही विणता आलं असतं. मी तो गोठ्यात ठेवायला लावला आणि मोठ्यातली मोठी सुई आणून दिली. पहिली पायरी साखळीची. एका फासातून दोरा ओढून दुसरा फास करायचा, त्यातून तिसरा. हे जमल्यावर त्यांना इतका आनंद झाला की ते थांबेचनात. संध्याकाळी बघते तर साखळी ओट्यावरून उतरून अंगण ओलांडून गेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला रेडकू बांधलेलं होतं.

मग खांब आले. सुईवर दोरा घेऊन उभा टाका घालायचा, तो खांब. तोच दोरा न घेता आखूड घातला की मुका खांब. मुका का, म्हणून त्यांनी मला अडवलं. दुसरा खांब बोलतो का? मी म्हटलं, नाव राहू द्या, टाका घाला. टोपीला हवा होता तो हाच, घट्ट आणि ऊबदार. त्यांनी मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओही लावून पाहिले. त्यातली बाई भराभर हात चालवायची आणि हे ओट्यावरून मोठ्यानं म्हणायचे, "जरा दमानं घे की बाई, माणसं शिकत्यात हितं."

हे सगळं चालायचं भर रस्त्याच्या कडेला, ओट्यावर. आतल्या खोलीत बसून गुपचूप शिकावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. जाणारे-येणारे चिडवत. मिशीवाला गडी लोकर घेऊन बसलाय, म्हणत. ते मान वर न करता सांगत की डोकं बायकोचं हाय, हात माझं हायेत, तुमचं काय आडलंय?

पहिल्या टोपीसाठी त्यांनी गाईच्या छातीचं माप घ्यायच्या सुतळीनं काकूंच्या डोक्याचं माप घेतलं. काकू भिंतीकडे तोंड करूनच बसल्या होत्या. त्यांनी घेऊ दिलं, एवढंच. गोलात दर वेढ्याला टाके किती वाढवायचे ते मी सांगितलं होतं, पण जास्त घातले की जास्त ऊब, या हिशेबानं मालक वाढवतच गेले. टोपीची झाली भाकरी, कडेला झालरीसारखी फुगलेली. दुसरी वेळ आली तेव्हा त्यांनी टाके वाढवायचेच नाहीत असं ठरवलं. ती नारळाला बसली असती. ती उसवताना ते ओट्यावर बसून स्वतःशी पुटपुटत होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसून कुठं चुकलं ते समजावत होते, तेवढ्यात आमच्या मागं दारात आवाज आला.

"पयल्याच येढ्यात चुकलंय. त्यांना काय सांगता, मला दिसतंय हितनं."

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. त्यांना क्रोशे येत नव्हतं, कधी सुई हातात धरलेली नव्हती. तरी त्या आल्या, ओट्यावर बसल्या, आणि नवऱ्याच्या हातातल्या लोकरीकडे बोट दाखवून त्याचं काय चुकतंय ते सांगायला लागल्या. मालक अजिबात ऐकत नव्हते. मी हळूच उठून वर गेले. जिन्यावरून मागं वळून पाहिलं तर ते दोरा ओढताना हसत होते.

त्या दिवसापासून काकू रोज बाहेर येऊन बसू लागल्या. आता मला वाटतं, ती टोपी मालकांनी मुद्दाम नको तितकी लांबवली. तिसरी जवळपास जमली होती, तरी एक ओळ घालायची आणि काकूंनी नाक मुरडलं की दोन ओळी उसवायच्या. शेवटी झाली. जांभळ्या रंगाची, एका बाजूला जरा कललेली, मधूनच टाके सुटून भोकं पडलेली. काकूंनी ती घातली, आरशात पाहिलं आणि "बरी हाय" म्हणाल्या. एवढं कौतुक त्या माणसाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ती टोपी घालून काकू मुठ्याला माहेरी जाऊन आल्या, गावच्या हळदीकुंकवाला गेल्या, आणि कुणी विचारलं तर ह्यांनी केली म्हणून सांगायच्या, आणि त्यात काय काय चुकलंय तेही सांगायच्या.

पण औषधांचा उपयोग थांबला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शिमग्याच्या आधी एका सकाळी काकू गेल्या. मी खाली धावले तेव्हा बायका जमल्या होत्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणलं, चुडा आणला, कुंकू, शेवंतीची वेणी आणली. अंघोळ घातल्यावर मालकांनी ती टोपी पुन्हा काकूंच्या डोक्यावर नीट बसवली. काकूंच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, टोपी काढा भाऊजी, असं नेत नाहीत.

"असू द्या," ते म्हणाले. "गार लागंल तिला."

जाऊबाई वेणी हातात घेऊन उभ्या होत्या. माळायची कुठं, ते त्यांनाही कळत नव्हतं. मग त्या खाली बसल्या, त्यांनी वेणीचा दोरा तोडला, आणि टोपीतल्या सुटलेल्या टाक्यांमधून एकेक शेवंतीचं फूल ओवत गेल्या. सगळं डोकं भरलं. मालक पायाशी बसून बघत होते.

मी अजून त्याच माडीवर राहते. परवा कॉलेजातून आले तर ते ओट्यावर विणत बसले होते. मांडीवर लोकरीचं काहीतरी लांबरुंद पसरलं होतं, त्याला ना टोपीचा आकार ना शालीचा. मी विचारलं, काका, काय करताय?

"काय न्हाई," ते म्हणाले. "हात चालू असला की शेजारी कुणी बसल्यागत वाटतं."

मग जरा सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी पिशवी खाली ठेवून बसले. समोरच्या डोंगरावर हॉस्टेलांचे दिवे एकेक करून लागत होते. टाके दिसेनासे झाले तरी त्यांचा हात चालूच होता, आणि मलाही उठून वर जावंसं वाटेना.