पंचशीलाबाईंचा नवा जिल्हा

पंचशीला वाघमारे मूळची नायगावकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. वडील आधीच गेले होते. आई धुरपताबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघाली, तेव्हा पोरीला कुणाकडे ठेवणार म्हणून सोबतच घेतलं. काम गावापासून लांब. रस्त्याखालच्या मोरीसाठी सिमेंटचे मोठे नळ आणून टाकले होते. त्यातल्या एका नळात मायलेकींनी आठ महिने काढले. पुढून लुगड्याचा पडदा, मागून दगड लावलेले. घरातून निघताना पंचशीलाच्या हाताला एकच पुस्तक लागलं होतं, भूगोलाचं. दुसरं काही नव्हतंच, म्हणून तिनं तेच पंधरा वेळा वाचलं. बाहेर विहिरींना तळ दिसत होता आणि आत ती नद्यांचे उगम पाठ करत होती.

पुढं तिनं नांदेडला डी.एड. केलं आणि ऐंशी साली निलंग्याजवळच्या माळेवाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली. धुरपताबाईही आली. "ही एकटी कुठं राहती? मला चुलीवर भाकरी थापायला काय, नायगाव काय आन् माळेवाडी काय," असं म्हणून तिनं बोचकं बांधलं.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा नवा झाला. शाळेत झेंडावंदनाला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पंचशीला तिसरीच्या वर्गात गेली आणि अडली. तिसरीचं भूगोलाचं पुस्तक आपल्या जिल्ह्याचं असतं, आणि हातातलं पुस्तक होतं जुन्या जिल्ह्याचं. निम्मी गावं आता दुसऱ्या जिल्ह्याची झाली होती. मुख्याध्यापक ईश्वरप्पा गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "नवं पुस्तक यायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर हेच शिकवा. पोरांना काय कळतंय?"

तिनं फळ्यावर नव्या जिल्ह्याचा नकाशा काढला. तेरणा कुठून येते हे पुस्तकातल्या पुसट नकाशावरून नीट कळेना, म्हणून अंदाजानं बाण काढला. मामाकडं राहून शाळा शिकणारी एक मुलगी हळूच उठली.

"बाई, तेरणा तिकडून न्हाई येत. आमचं गाव नदीकाठी हाय. मावळतीकडून येती ती."

पंचशीलानं बाण पुसला आणि उलटा काढला. कुणी हसलं नाही, पण तिला दिवसभर जेवण गेलं नाही. लहानपणापासून भूगोल पाठ करत आली, आणि ज्या जिल्ह्याचा पगार खाते तिथली नदी कुठून वाहते ते ठाऊक नाही. त्या संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीत मी जिल्हा बघायला जाणार. पुस्तकात जे जे लिहिलंय ते एकेक डोळ्यांनी बघणार."

"एकटी?"

"हो."

"म्हंजी मी येती," धुरपताबाई म्हणाली. ती गोष्ट तिथंच ठरली.

भाऊबीज झाली आणि मायलेकी निघाल्या. पिशवीत पुस्तक, एक कोरी वही, दहा भाकरी, शेंगांची चटणी आणि एक चादर. पहिलं गाव औसा. किल्ला बघून झाला तेव्हा दिवस कलला होता. पुस्तकात 'येथे प्रवाशांसाठी विश्रामगृह आहे' असं छापलेलं होतं. पंचशीलानं ते पान उघडून चौकीदारासमोर धरलं.

"कुणाची चिठ्ठी हाय?" त्यानं विचारलं.

"चिठ्ठी नाही. मी शिक्षिका आहे. प्रवासी आहे."

"साहेबाच्या चिठ्ठीबिगर खोली भेटत न्हाई, बाई. पुस्तकातलं पुस्तकात."

लॉजवर गेल्या, तर मालकानं सोबत पुरुष नाही हे बघून मान हलवली. धुरपताबाई म्हणाली, "चल माघारी." पंचशीला म्हणाली, "उद्या खरोसा बघायचाय. आजच तिकडं जाऊ." खरोशाची शेवटची एसटी मुक्कामी होती, म्हणजे रात्रभर गावातच थांबून सकाळी परतणारी. गाडीतून उतरल्यावर मात्र जायला जागाच नव्हती. ड्रायव्हर मारोती गाडीला कुलूप लावत होता. त्यानं या दोघींना पारावर चादर अंथरताना पाहिलं.

"मावशी, कुणाकडं आलाव?"

"कुणाकडं न्हाई बापा. लेणी बघाया आलोत."

मारोतीनं कंडक्टरकडं पाहिलं, कंडक्टरनं खांदे उडवले. "आम्ही टपावर झोपतो. तुम्ही आत झोपा. आतून कडी लावा. पण सहाला गाडी सुटती, तिच्या आत उठा."

धुरपताबाई लांब सीटवर आडवी झाली आणि म्हणाली, "नळापरीस बरं हाय. खिडक्या हायत."

लेण्यांविषयी पुस्तकात एकच वाक्य होतं: 'खरोसा येथे लेणी आहेत.' सकाळी टेकडी चढून गेल्या, तर एका लेण्यात बुद्धाची बसलेली मूर्ती होती. धुरपताबाईनं छप्पन्न साली दीक्षा घेतली होती, पण तिनं बुद्ध पाहिला होता तो फक्त भिंतीवरच्या तसबिरीत. ती उंबऱ्याशी थबकली. मग आत जाऊन बसली, आणि उठायचं नावच घेईना.

"आये, अजून वरची लेणी बघायचीत."

"तू बघ. मी हितं हाय." जरा वेळानं तिनं विचारलं, "हे पुस्तकात का न्हाई लिवलं?"

पंचशीलानं पुस्तक पिशवीत टाकलं. तिनं वही काढली आणि सगळं लिहून घेतलं: पायऱ्या किती, खांब किती, कोणत्या लेण्यात काय.

तिसऱ्या दिवशी औरादच्या बाजूला उतरून त्या तेरणा-मांजरेच्या संगमाकडं चालत निघाल्या. नदीकाठच्या गावात एका घरातल्या बाईनं आधी प्रेमानं पाणी दिलं, ओसरीवर घोंगडी अंथरली, मग आडनाव विचारलं. नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "ओसरीवर सासऱ्याचं देवदेव असतंय. तुम्ही गोठ्यात झोपा, लई स्वच्छ हाय."

धुरपताबाई गोठ्याकडं जायला उठत होती. पंचशीलानं तिचा हात धरला. "नको बाई. गोठा बैलांचा आहे, त्यांचा त्यांनाच असू द्या." आवाज चढवला नाही, पण तांब्या पालथा घालून ठेवला आणि ती निघाली.

"दिवस बुडून राहिला, पंचे," आई मागून म्हणाली. "आता काय नदीत झोपतीस?"

नदीच्या काठावर दगडी खोली होती, आणि बाहेर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. नागप्पा त्याचं नाव. सरकारनं त्याला नदीचं पाणी मोजायला ठेवलं होतं. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी किती चढलं-उतरलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. पंचशीलानं आधीच सांगून टाकलं, "काका, आम्ही बौद्ध आहोत. रात्रीपुरती जागा पाहिजे. चालत असेल तर सांगा, नसेल तर पुढं जातो."

नागप्पानं तंबाखू तोंडात टाकली. "मला पट्टी दिसती का न्हाई एवढंच सरकार विचारतंय. खोलीत निजा. मी हितं बाहेर निजतो. मुंग्या हायत, भाकरी खाली ठेवू नका."

सकाळी त्यानं दोघींना संगमावर नेलं. मावळतीकडून तेरणा येत होती, जरा गढूळ. मांजरा तिला घेऊन पुढं जात होती. पंचशीला गुडघाभर पाण्यात उतरली आणि हाताला प्रवाह कोणत्या बाजूनं लागतो ते बराच वेळ बघत राहिली. मग नागप्पानं आपल्या जुन्या वह्या काढल्या.

"हे बहात्तर साल," तो म्हणाला.

पानं शून्यांनी भरलेली होती. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य.

"पाणी न्हवतं तर कशाला लिवत होतात?" धुरपताबाईनं विचारलं.

"पाणी न्हाई हे कुणीतरी लिवाया नको का?"

सुट्टी संपली तेव्हा वहीची साठ पानं भरली होती. पंचशीलानं त्यातूनच तिसरीला शिकवायला सुरुवात केली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पुस्तकात नाही ते कसं शिकवता?" ती म्हणाली, "साहेब, जिल्हा बदलला, पुस्तक नाही बदललं. मी जाऊन बघून आलेय. चुकलं असेल तर दाखवा." साहेबांनी वही चाळली, संगमाचं पान दोनदा वाचलं आणि शेरा न लिहिताच परत दिली. ईश्वरप्पा गुरुजींनी मात्र ती वही एका सुट्टीला घरी नेली आणि परत आणताना आपल्या गावच्या बारवेची माहिती शेवटी लिहून आणली.

मे महिन्यात मायलेकी उदगीरला गेल्या आणि गुळाच्या गुऱ्हाळात राहिल्या; पुढच्या दिवाळीत अहमदपूरकडं, तिथं कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत. नवं पुस्तक आलं तोवर वह्या तीन झाल्या होत्या.

तिसऱ्या वहीच्या वेळी धुरपताबाई म्हणाली, "सगळं लिवलीस, पण कुठं झोपलो ते न्हाई लिवलं. दुसरी कुणी बाई निघाली तर तिनं काय करावं? लिव." आणि तिनं चुलीपुढं बसून सांगायला सुरुवात केली. कुठल्या गाडीचा ड्रायव्हर माणूस आहे, कुठं चिठ्ठी मागतात, नागप्पाच्या खोलीत मुंग्या हायत, कुठल्या घरी पाणी पिऊन पुढं निघावं. पंचशीलानं शब्द न बदलता उतरवून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शाळेवरच्या दोन शिक्षिका ती वही उतरवून घ्यायला आल्या. नद्या-डोंगरांची पानं त्यांनी भराभर उलटली, आणि धुरपताबाईनं सांगितलेली शेवटची आठ पानं मांडी घालून, एकीनं वाचून दुसरीनं लिहून, पूर्ण करूनच उठल्या.