ब्रेक मी मारला नव्हता

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या बहिणीला आमटी पोचवणं. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, राहायला ती नारायण पेठेत. तिनं डबा भरला, मांडीवर घेतला आणि आम्ही येरवड्याहून निघालो. गाडी मुलाची, विजेवर चालणारी. तो कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे दिवसभर ती माझ्या गळ्यात.

मी चौथी शिकलो आणि जन्मभर मार्केट यार्डात टेम्पो चालवला. टेम्पो माझं ऐकायचा. ही मला ऐकवते. रस्त्यावरच्या पट्ट्याला चाक लागलं की स्टिअरिंग हातातून ओढते. पुण्यात पट्टा बघून कोण चालवतं? रिक्षा जवळून गेली की टूं टूं. जरा डोळे चोळले की पडद्यावर चहाचा कप येतो, म्हणजे म्हणे तुम्ही दमलात. चहा काही देत नाही, नुसता कप दाखवते. मुलाला म्हटलं, बंद कर हे सगळं. तो म्हणाला, "बाबा, सेफ्टीसाठी असतं ते. आणि बंद केलं तरी गाडी परत चालू केली की ऑन होतं." म्हणजे रोज उठून तेच.

पेठेतल्या गल्लीत कडेला एक स्कूटर उभी होती. माझ्या अंदाजानं हातभर जागा होती. गाडीला ते पटलं नाही. तिनं असा काही करकचून ब्रेक मारला की डब्याचं झाकण उडालं. अर्धी आमटी साडीवर, बाकीची पांढऱ्या सीटवर. पांढरी सीट मुलाची आवड.

"अहो, एवढा जोरात ब्रेक?"

"मी नाही मारला. गाडीनं मारला."

"हो का? परवा दूध उतू गेलं, ते गॅसनं घालवलं असेल."

"अगं, खरंच सांगतोय."

"काही सांगू नका. वय झालं, पाय जोरात पडतो. त्यात लाजायचं काय?"

हे मला झोंबलं. एवढी वर्षं टोमॅटोच्या पाट्या वाहिल्या, एक टोमॅटो फुटू दिला नाही. उरलेली आमटी बहिणीला दिली आणि येताना आम्ही बोललो नाही. गाडीच तेवढी बोलत होती.

रात्री जेवताना तिनं परत काढलं. "मारला होता ना ब्रेक? कबूल करा, मी काय खाते का तुम्हाला?"

"नाही मारला."

"बरं. उद्या सकाळी गाडी उन्हात लावा. हळदीचा डाग उन्हानंच जातो." एवढं बोलून ती झोपायला गेली. सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं.

शववाहिनी आली, ती फाटकातच अडली, कारण आत आमची गाडी आडवी. मुलगा नातेवाइकांना फोन करत होता. मीच किल्ली घेतली. रिव्हर्स टाकला तर मागं उभ्या माणसांना बघून गाडीनं बोंब सुरू केली. घरात मयत, आणि हिचं टूं टूं टूं. जरा सरकली की गचकन थांबायची.

खालच्या मजल्यावरचे शेजारी ओरडले, "काका, ब्रेक मारू नका, येऊ द्या मागं."

माझं डोकं फिरलं. काच खाली केली. म्हटलं, "इकडं या. माझे पाय बघा." दोन्ही पाय वर उचलून धरले. ते खिडकीतून वाकून बघत राहिले. गाडी आपोआप मागं सरकली आणि गचकन थांबली.

"अरेच्चा! हिनं स्वतःच मारला की ब्रेक."

"आत जाऊन तिला सांगा," मी म्हटलं.

 मान खाली घालून त्यांनी माणसं बाजूला केली. गाडी गप्प झाली.

फाटकाशेजारी उन्हात जागा मोकळी होती. मुलानं तिकडं हात केला. मी गाडी पार आत नेली, जिन्याखाली, जिथं बाराही महिने ऊन येत नाही, आणि तिथं लावली.