तक्रार न करणारा ड्रायव्हर

धम्मदीप मेश्राम शनिवारी कुणाच्याही घरी जेवायला येत नाही, हे अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या आम्हा मराठी मंडळींना पाठ झालं होतं. शनिवारी तो गाडी पळवायचा. गंमत म्हणून नव्हे, खरीखुरी शर्यत. अर्ध्या मैलाच्या डांबरी रिंगणात वीसेक गाड्या एकमेकींना घासत गरागरा फिरायच्या आणि त्यांतल्या एकीचं स्टिअरिंग नागपूरच्या माणसाच्या हातात असायचं. आमच्यातल्या बहुतेकांना वाटायचं, ह्याचं डोकं फिरलंय. माझा नवरा प्रल्हाद म्हणायचा, "यार, एवढं ड्राइव्ह करून शेवटी तिथंच यायचं, तर घरीच बसावं की माणसानं."

मी मात्र धम्मदीपच्या बायकोबरोबर, उपासनाबरोबर, शर्यतीला जायचे. प्रल्हादला शनिवारीही कॉम्प्युटर सोडवत नसे, आणि तिथल्या प्रेक्षकांच्या स्टँडवर मला पोटभर ओरडता यायचं. पुण्यात वाढलेल्या बाईला तेवढी संधी पुरे.

गाडी धम्मदीपची नव्हती. ती हार्लन नावाच्या साठी उलटलेल्या गृहस्थाची होती. हार्लनचं गिअरबॉक्स दुरुस्तीचं गॅरेज होतं. धम्मदीप आपली जुनी गाडी घेऊन तिथं गेला, मागच्या शेडमध्ये शर्यतीची गाडी उघडून ठेवलेली पाहिली आणि मग दर रविवारी तिथंच पडीक राहू लागला. पाने दे, नट धर, हिशोब करून दे, असं चाललं होतं. एकदा सरावाला ड्रायव्हर आला नाही म्हणून हार्लननं त्याला आत बसवलं, आणि तो दोन वर्षं उतरलाच नाही. ऑफिसात मान खाली घालून काम करणारा हा माणूस हेल्मेट चढवलं की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. मला तो तिथंच खरा वाटायचा.

ह्या खेळाची एक रीत आहे. शर्यतीआधी सराव असतो. पाचसहा फेऱ्या मारून ड्रायव्हर परत येतो, मालक खिडकीत वाकतो आणि विचारतो, "कशी आहे?" तेव्हा ड्रायव्हरनं कुरकुर करायची. मागून घसरते, पुढून वळत नाही, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते. मग मेकॅनिक स्प्रिंग बदलतात, टायरमधली हवा कमीजास्त करतात आणि गाडी पुन्हा सोडतात. गाडी वेगवान होते ती अशी, कुरकुरीतून. शेजारच्या गाड्यांचे ड्रायव्हर तर खिडकीतून (ह्या गाड्यांची दारं उघडत नाहीत) बाहेर पडायच्या आधीच शिव्या द्यायला लागायचे.

हार्लन वाकायचा, विचारायचा. धम्मदीप म्हणायचा, "छान आहे, सर."

दर वेळी. हार्लन टपावर थाप मारायचा आणि गाडी तशीच शर्यतीत उतरायची.

आणि रविवारी मी त्यांच्या घरी गेले की ह्याच माणसाची स्वयंपाकघरात तासभर टकळी चालू असायची. "चौथ्या वळणातून बाहेर पडताना मागची चाकं सुटतात, उपासना. उजवीकडची मागची स्प्रिंग फार कडक आहे. मला आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागतो, तिथंच दोन गाड्या पुढं जातात."

उपासना पोळी लाटता लाटता म्हणायची, "मग हार्लनना सांगा ना. मला सांगून काय होणार? मी का स्प्रिंग बदलू?"

"त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलीय गाडी. त्यांनी मला बसू दिलं. आता त्यांनाच चुका दाखवू?"

मला त्याचा भारी राग यायचा. मी हॉटेलात सूप गार आलं तर परत पाठवणारी बाई. एकदा न राहवून मी उपासनाला म्हटलं, "तुझा नवरा इतका कसा गं मुखदुर्बळ?" ती रागावली नाही. तिनं मला तिच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली.

सासरे, दादाराव, नागपूरला कापडाच्या गिरणीत होते. मुलगा हुशार निघाला म्हणून त्यांनी त्याला सरकारी वसतिगृहात ठेवलं. तिथं डाळीत डाळ शोधावी लागे आणि गादीत ढेकूण न शोधता सापडत. मुलानं एकदा तक्रार सांगितली तर दादाराव म्हणाले, "तू बोललास की ते म्हणतील, ह्यांना फुकट दिलं तरी भागत नाही. हे वाक्य कुणाच्याही तोंडी येऊ द्यायचं नाही. जे मिळेल त्यात नंबर काढून दाखव." त्यानं दाखवला. त्याच जोरावर तो इथवर आला. मग त्याला कोण कसं सांगणार की तुझं चुकतंय?

त्या दिवशी घरी येताना मला ते गार सूप आठवत राहिलं. सूप परत पाठवण्याला मी आजवर माझा बाणेदारपणा समजत होते. खरं तर मला कुणी कधी 'फुकट दिलं तरी भागत नाही' हे वाक्य ऐकवलंच नव्हतं, एवढंच.

शहाण्णव सालचा मोसम मार्चमध्ये सुरू झाला. धम्मदीप कधी सहावा यायचा, कधी आठवा. खराब गाडी सांभाळून तो आठवा येतोय, हे उपासनाला आणि मला ठाऊक होतं. हार्लनला दिसत होतं ते एवढंच की गाडी छान आहे आणि ड्रायव्हर आठवा येतोय. जुलैत, मोसम अर्ध्यावर असताना, धम्मदीपच्या घरच्या आन्सरिंग मशीनवर निरोप आला. हार्लनचा आवाज होता. ह्या शनिवारपासून गाडी दुसरा माणूस चालवेल, तू फार सज्जन आहेस, तुझी सीट ट्रॅकवरून घेऊन जा. बस.

मी म्हटलं, "फोन करून भांडा. ही काय पद्धत झाली?"

"जाऊ द्या, वहिनी. त्यांनी दोन वर्षं चालवू दिलं, हेच खूप आहे."

चेहरा मात्र एखाद्या बऱ्याच दिवसांच्या आजाऱ्यासारखा झाला होता. उपासना सांगत होती की तो जेवत नाही आणि घरच्या गॅरेजमध्ये जाऊन नुसता उभा राहतो. त्याला त्याची एकच आवडती गोष्ट गमावल्याचं दुःख झालं होतं आणि ते दुःख कुणाला सांगणं त्याला गैर वाटत होतं.

ॲल्युमिनियमची ती सीट त्याच्या अंगाच्या मापानं बनवलेली होती, दुसऱ्या कुणाच्या कामाची नव्हती. शनिवारी दुपारी आम्ही तिघं ती आणायला गेलो. सीट ट्रेलरला टेकवून ठेवली होती. नवा ड्रायव्हर, डेल नावाचा तांबड्या मानेचा गडी, सरावाला निघाला होता. तो चार फेऱ्यांत परत आला, बिनकाचेच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गाडीला, स्प्रिंगला आणि ती बसवणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. चौथ्या वळणात मागचं सगळं सुटतंय म्हणाला. मला वाटलं, आता हार्लन ह्याला हाकलणार. हार्लन तर खूश. त्यानं पोरांना हाका मारल्या, उजवीकडची मागची स्प्रिंग काढायला सांगितली. पुन्हा गाडी सुटली, आणि चौथ्या वळणातून अशी बाहेर आली की मी ओरडायचंच विसरले.

उपासना माझ्याशेजारी उभी होती. ती कधी परक्या पुरुषांशी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी ती सरळ हार्लनपुढे गेली आणि इंग्रजीत म्हणाली, "ती स्प्रिंग मार्चपासून कडक आहे. हे मला रोज सांगतात."

धम्मदीप म्हणाला, "उपासना, प्लीज. चल."

हार्लननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "डीप, बायकोला सांगितलंस आणि मला नाही?"

"गाडी तुम्ही बांधलीत, सर. तुमच्या हातानं."

"चुकीची बांधली होती. कुठं चुकलीय ते कळावं म्हणून तर आत माणूस बसवतात. मी दर शनिवारी तुला विचारत होतो."

धम्मदीपनं वाकून ट्रेलरला टेकवलेली सीट उचलली.

"गाडी परत तुझ्या हाती देता येणार नाही," हार्लन म्हणाला. "डेलला मोसमभराचा शब्द दिलाय. पण तू दोन वर्षं आत बसला होतास. काय काय खराब आहे ते सगळं सांग मला."

मला वाटलं, आता हा 'छान आहे' म्हणून मोकळा होणार. पण तो बोलायला लागला. आधी अगदी हळू, जमिनीकडे बघत. स्प्रिंग, मग ब्रेक कुठल्या बाजूला ओढतात, मग पावसानंतर गाडी कशी वागते, स्टिअरिंग कुठं अडखळतं. बोलता बोलता हात हलायला लागले, आवाज चढला. डेलही खिडकीतून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. हार्लन मान डोलावत होता. धम्मदीप थांबला की तो म्हणायचा, "आणखी?"

"आणखी काही नाही गाडीत."

"मग?"

धम्मदीपनं वर पाहिलं.

"तुम्ही मला मशीनवर काढलंत," तो म्हणाला. "दोन वर्षं मी तुमच्यासमोर उभा होतो. तोंडावर सांगायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, सर. अजून वाटतंय."

उपासनानं माझा हात घट्ट धरला. हार्लननं डोक्यावरची टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरली.

"हो," तो म्हणाला. "यायला हवं होतं मी. माझं चुकलं."

समोरच्यानं माफी मागितली की धम्मदीप लगेच 'इट्स ओके, सर' म्हणतो. ऑफिसात, दुकानात, पाय तुडवणाऱ्या अनोळखी माणसालाही. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तो म्हणाला नाही.