भुईखालच्या टेसनात आमी चौघी

आमच्या बचत गटाच्या बैठकीत आता कामाचं कुणी बोलत न्हाई. बाया बसल्या की पहिली मागणी एकच, शोभाकाकू, मुंबईचं सांगा. गेलतो अवघे दोन दिवस, पर किस्से सरंनात. दर येळी कुणाला तरी एक नवाच आठवतो अन् चहा गार होतो. कौसा तर न घडलेले बी सांगती. मी आपली घडलेलेच सांगते.

चौघी गेलतो. सुमन, आमची सरपंच, बारावी झालेली, फाईल तिच्या काखेत. कौसा, माझी धाकली जाऊ, तिच्या तोंडाला झाकण न्हाई. मथुरामावशी, गावची सुईण, सत्तरीला टेकलेली. अन् चौथी मी. काम एकच व्हतं, नाल्यावरचा पूल. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात नाला भरला की ना कुणी येत, ना कुणी जात. मागच्या खेपी माझी सून अडली तव्हा ट्रॅक्टर काठावर उभा अन् दवाखाना पल्याड. मावशीनं ट्रॉलीतच तिला मोकळी केली. सून वाचली, लेकरू गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेलेत अन् तारीख ऐन पावसाळ्यातली. म्हणून गेलो. न्हाईतर मुंबई बघायची हौस कुणाला आली व्हती?

* * *

मुंबईत ऱ्हाणाऱ्या माझ्या भाच्यानं आमाला मेट्रोत बसवून दिलं अन् सांगितलं, सरकारी हापिसं जिथं हायत तिथंच, बराबर त्याच्या खाली उतरा. उतरलो. बघतो तं आभाळच न्हाई! एवढा उजेड, एवढी गार हवा, अन् वर नुसतं छत. आमच्याकडं भुईत उतरायचं म्हंजे हिरीत. इथं तं भुईखाली आख्खा बाजार भरंल एवढी जागा.

मावशीनं तिथंच चपला काढल्या अन् पिशवीत घातल्या. मी म्हणलं, काहून वो? तर म्हणे, इतकी लख्ख फरशी आपल्या देवळात बी न्हाई, कसं तुडवू? मंग आमाला बी लाज वाटली. चौघीबी अनवाणी चालू लागलो. लोक वळून वळून बघून राहिले. सरकत्या जिन्यापाशी गेलो तसा एक गार्ड पळत आला अन् म्हणला, चपला घाला, बोटं अडकतील. मावशीनं त्याला डोळे वटारून इचारलं, "बोटं खाणारी पायरी तुमी कशाला ठिवली?"

चपला मात्र घातल्या.

* * *

आता त्याच जिन्याचं. तुमाला म्हाईत हाय, आपण नव्या जागी पायरी चढताना हात लावून पाया पडतो. एस्टीत चढताना बी पडतो. कौसा पुढं व्हती. तिनं वाकून पायरीला हात लावला अन् कपाळाला लावायला गेली, तवर ती पायरी निघाली वर. दुसरी आली. कौसाला वाटलं, हिला न्हाई लावला तर बरं दिसत न्हाई. तिला लावला. ती बी निघाली. तिसरी आली. कौसा वाकलेलीच! पायऱ्या येऊन राहिल्या अन् ही पाया पडून राहिली.

मागं ही रांग लागली. सारे हापिसातले, गळ्यात पट्टे, हातात मोबाईल. कुणी हाका मारंना, कुणी ढकलंना, सारे थक्क. शेवटी मीच तिला दंडाला धरून वर वढली. वर गेल्यावर म्हणती कशी, "वैनी, खालची एक राह्यली की वो."

* * *

मावशीला सवय, काय बी हातात आलं की पदराच्या टोकाला गाठ मारायची. सुमननं गाडीत चढताना तिला तिकीट दिलं, मावशीनं ते बांधलं. बाहेर निघायच्या फाटकावर तिकीट मशीनला दाखवावं लागतंय. आमी तिघी निघालो. मावशी आतच. गाठ सुटंना. प्रवासानं अन् घामानं अशी आवळून बसली व्हती की नख शिरंना. मावशीनं मंग गाठीसकट पदरच मशीनवर धरला. मशीन गप. पुन्हा धरला, जरा दाबून. मशीन गपच.

मागं एक टायवाले साहेब उभे व्हते. म्हणले, आजी, द्या इकडं. नखानं बघितलं, पेनानं बघितलं. अन् मंग त्या माणसानं, आमच्या डोळ्यांदेखत, दातानं गाठ सोडली! एवढा टापटीप माणूस, तोंडात मावशीचा पदर. मला तं मेल्याहून मेल्यावानी झालं. मावशीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला अन् फाटकातून निघाली, जसं काय रोजचंच हाय.

* * *

त्या दिवशी हापिसात भेटायची येळ सरली व्हती. परत खाली आलो. आत शिरायला पिशव्या मशीनमधून घालाव्या लागतात. आमच्या पिशवीत वसमतची हळद व्हती, पूल मंजूर करणाऱ्या साहेबाला द्यायला. रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाकडं? मशीनवरच्या पोरीनं पिशवी बाजूला काढली. ही पिवळी पावडर कसली, एवढी कशाला, कुठं नेऊन राहिले, असं इचारू लागली. सुमन घाबरली अन् फाईल उघडून पुलाचा नकाशा दाखवू लागली. हळदीचा अन् नकाशाचा काय संबंध? ती पोरगी आणखीनच सावध झाली, वरच्या माणसाला बोलवायला निघाली.

कौसानं काय करावं? पिशवीतली चिमूटभर हळद घेतली अन् सरळ पोरीच्या कपाळाला लावली. माझा जीव गेला. म्हणलं, आता आत टाकतेत आपल्याला, सरकारी माणसाच्या अंगाला हात लावला. पोरगी दगडावानी उभी. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् हळूच म्हणली, "कुंकू पण लावा ना मग. अर्धंच कशाला?"

* * *

दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट न्हाई. बसा म्हणले, पाणी दिलं. सुमननं फाईल ठिवली. मी सुनेचं सांगितलं, लेकराचं सांगितलं. सांगताना रडू फुटलं अन् मला सोताचाच राग आला, कारण मला तिथं रडायचं नव्हतं. साहेब खाली बघत व्हते. मंग त्यांनी फाईल मिटली अन् म्हणले, मला कळतंय ताई, पण तुमच्या गावाची लोकसंख्या निकषात बसत नाही. तिथं फार थोडी माणसं राहतात. एवढ्या माणसांसाठी एवढा खर्च मंजूर होत नाही.

हळद बी त्यांनी घेतली न्हाई. नियम हाय म्हणले.

आमी जिना उतरून परत खाली टेसनात आलो. माझ्या डोळ्यांपुढं सुनेचं पोट येऊन राहिलं. घरी गेल्यावर तिला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

दुपारची येळ, सारे वर हापिसात. फलाटावर आमी चौघी अन् दुसरं कुणीच न्हाई. एवढे दिवे लागलेले, गार हवा चालू, जिने आपले रिकामे वर जाऊन राहिले, रिकामे खाली येऊन राहिले. मावशी बाकड्यावर बसून ते बघत व्हती. तेवढ्यात जिन्यावरून साहेबच उतरले. त्यांची कुठंतरी बैठक व्हती. आमाला बघून ते जरा पलीकडं जाऊन उभे राहिले.

मावशी उठली. डोक्यावर पदर घेतला अन् त्यांच्याकडं निघाली. मला वाटलं, आता ही भांडती. सुमन तिला धरायला धावली, पर मावशीचा आवाज एकदम मऊ. लेकराशी बोलावं तसा.

"साहेब, हितं किती माणसं ऱ्हातेत?"

साहेब हसले. म्हणले, "इथं? इथं कुणीच राहत नाही, आजी. इथं सगळी ऑफिसं आहेत."

मावशीनं मान हलवली अन् त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. गाडी आली. दारं उघडली. आमी तिला हाताला धरून आत घेतलं. साहेबांना बी त्याच गाडीनं जायचं व्हतं.

दारं मिटली. साहेब चढले न्हाईत.