सुलक्षणेच्या घरच्या भाकरी

हे मोहिनीराजा, प्रवरेच्या काठी नेवाशात उभ्या असलेल्या देवा, पहिला नमस्कार तुला. रूपे घेणारे देव पुष्कळ. पण स्त्रीचे सोंग घेऊन, नेसून-नटून, हाती अमृताचा कलश धरून पंगतीत वाढायला उतरलास तो तूच. सोंग तुझे, कल्याण जगाचे. ज्यांनी सोंगामागे तुला ओळखले ते तरले. ज्यांना सोंगच खरे वाटले ते बिचारे पात्र पुढे धरून नुसते पाहत राहिले. तुझ्या चरणी डोके ठेवून आता एका सोंग घेणाऱ्या लेकीचे नाव घेतो. तिचे नाव पंकजा.

बेलापूरच्या शिवारात बारव वस्ती म्हणून चार-दोन डझन घरांची वस्ती आहे. तिथल्या रखमाजीची आणि रतनबाईची ही एकुलती एक मुलगी. देवाने तिला रंग बेताचा दिला, उंची बेताची दिली, आणि आवाज देताना मात्र मापच विसरला. उसात शिरलेली रानडुकरे फटाक्यांना भीत नसत. बांधावरून पंकजाने एक हाक दिली की कळपच्या कळप शेजाऱ्याच्या उसात जात असे. शाळेच्या संमेलनात सीतेचे काम सरपंचांच्या पुतणीला गेले, कारण मुकुट तिच्या घरचा होता. पंकजाला कैकेयी मिळाली. तिने रामाला वनवासात धाडताना असा काही आवाज लावला की व्यासपीठावर डुलक्या घेणारे प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले आणि न विचारताच टाळ्या वाजवू लागले.

पुढे श्रीरामपूरचे कॉलेज, एकांकिका, ढाली, प्रशस्तिपत्रके. आणि मग ठाण्याच्या बाहेर, जिथे मोठमोठ्या पत्र्यांच्या गोदामांत मराठी संसार मांडले जातात, तिथे तिचे बिऱ्हाड गेले. पहिले काम परिचारिकेचे. वाक्य एकच: ‘डॉक्टर आले.’ पंकजाने ते असे म्हटले की खाटेवरचा रोगी, ज्याला त्या भागात मरायचे होते, दचकून उठून बसला. दिग्दर्शक म्हणाला, ‘ही मुलगी सोशिक दिसणार नाही. हिला जाऊबाई करा.’

अशी ती दुपारी दोनच्या मालिकेत आली. मालिकेचे नाव ‘सात जन्मांची सून’. पैकी पहिलाच जन्म अजून चालू आहे. संध्याकाळच्या मालिकांतली मंडळी दुपारच्या मंडळींकडे थोडी खालीच पाहतात. पण दुपारच्या मालिकेचा महिमा वेगळा आहे. त्या घरात माणसे शालू नेसून झोपतात आणि नथ घालून उठतात. हनुमंताने जेवढ्या वेळात लंका जाळली, तेवढ्या वेळात तिथे चहाला उकळी फुटत नाही. कारण उकळी फुटण्याआधी कॅमेऱ्याला घरातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे तीनदा पाहून यावे लागते. त्या घराची धाकटी सून शांभवी. ती इतकी सोशिक, की तिच्या अंगावर दूध उतू गेले तरी दुधाचीच क्षमा मागते. आणि थोरली सून सुलक्षणा. तिने नणंदेचे लग्न मोडले, सासऱ्याचा चष्मा लपवून जमिनीच्या कागदावर अंगठा घेतला, देवघरातल्या समईचे तेलसुद्धा बदलले. ती सुलक्षणा म्हणजे आमची पंकजा.

बारव वस्तीवर ही मालिका कुणी पाहत नसे, भोगत असे. दोन वाजले की शेतात खुरपे थांबे. रखमाजी मात्र टीव्हीकडे पाठ करून बसे. कुणी विचारले तर म्हणे, ‘लेकीचा आवाज कानानं आयकतो. तिचं वागनं डोळ्यानं बघवत न्हाई.’ वस्तीवर दरसाल हरिनाम सप्ताह बसतो. त्यात प्रवचन दोन वाजता असे. मालिका सुरू झाली त्या साली मांडवात प्रवचनकार, विणेकरी आणि एक म्हातारे कुत्रे एवढेच उरले. समितीची बैठक झाली, वाद झाले, शेवटी वेळ बदलली. अर्थात प्रवचनाची. मालिका जागची हलली नाही.

यंदाच्या सप्ताहाआधी एका सोमवारी सुलक्षणेने हद्द केली. शांभवीला दिवस गेले होते. तिच्या खिरीत सुलक्षणेने पदराआडून पुडी सोडली, आणि वाटी पुढे करताना डावी भुवई अशी वर नेली की त्या भुवईवरच आठवडा निघाला.

इथे सप्ताहाची एक रीत सांगितली पाहिजे. आमटी मांडवात मोठ्या कढईत शिजते, पण भाकरी घरोघरून येते. प्रत्येक घरची बाई फडक्यात बांधून पाटी आणते आणि धुतलेल्या धोतरावर सगळ्यांच्या भाकरी एका ढिगात ओतल्या जातात. मळेवाल्याची भाकरी, मजुराची भाकरी, रुसलेल्या भावकीची भाकरी, एकदा ढिगात पडली की तिचे नाव जाते. ती देवाची होते. या ढिगाची राखण बायडाबाईकडे. साठी उलटलेली, शब्दाला कडक, आणि ‘सात जन्मांची सून’ची निस्सीम उपासक. पहिल्या दिवशी रतनबाई पाटी घेऊन आली तेव्हा बायडाबाई गोड आवाजात म्हणाली, ‘रतने, तुझी पाटी ऱ्हाऊ दे बाजूला. कमी पडल्या तर घिऊ.’

कमी कधी पडतात भाकरी सप्ताहात? सायंकाळी पाटी घरी आली. फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच.

गावाने वाळीत टाकले तर माणूस पंचांत जाऊन भांडेल; पण ‘कमी पडल्या तर घिऊ’ या गोड वाक्याविरुद्ध दाद कुठे मागायची? रतनबाईने लेकीला फोन लावला. पंकजा तेव्हा सेटवर कोठीघराच्या दाराआड, पुढचे कारस्थान ऐकत उभी होती.

‘पंकू, माझ्या भाकरी माघारी येत्यात गं,’ रतनबाई म्हणाली, आणि खिरीपासून बायडाबाईपर्यंत सगळे सांगून टाकले.

पंकजा तशीच, अंगावरच्या खोट्या सोन्यासकट, मालिकेच्या लेखकाकडे गेली. म्हणाली, ‘सर, सुलक्षणेला पश्चात्ताप होऊ द्या.’

लेखक दयाळू गृहस्थ. तो म्हणाला, ‘ताई, दिवाळीत झाला होता ना आठवडाभर? तुम्ही शांभवीला ओवाळलंत आणि महाराष्ट्राने टीव्ही बंद केला. चॅनेलने विचारलं, मालिका संपली का? हवा तर तुमचा अपघात करतो. तोंडाला पट्ट्या बांधू, पट्ट्या सुटल्या की आत दुसरी बाई.’

‘आणि मी?’

‘तुम्ही घरी.’

पंकजाने मनात हिशेब मांडला. काम सोडले तर आईची भाकरी ढिगात जाईल. पण ज्या कामासाठी बांधावरची पोर इथवर आली, ते काम गावच्या गैरसमजाच्या पायी सोडायचे? तिने एवढेच मागितले, ‘दोन दिवस सुट्टी तरी द्या.’

‘ती खुशाल घ्या,’ लेखक म्हणाला. ‘सुलक्षणा दोन दिवस दाराआडच आहे. नुसती सावली दाखवू.’

ती वस्तीवर पोचली तेव्हा रतनबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. लेकीला पाहून तिने हात थांबवले नाहीत.

‘आई, रोज परत येतात तरी थापतेस?’

‘त्येंनी घ्याया नगं म्हनलं म्हून मी द्याया नगं म्हनू व्हय?’ रतनबाई म्हणाली. ‘आल्या माघारी तर गुरं खातीन. हात धू, पाटी बांधू लाग.’

त्या दिवशी मांडवात प्रवचन सकाळीच होते, आणि विषय माया. महाराज तळमळीने सांगत होते: अंधारात दोरी पडलेली असते, माणूस तिला साप समजतो आणि घामाघूम होतो; माउल्यांनो, दिसते ते खरे मानू नका. बायकांनी डोळे पुसले. बायडाबाई तर हुंदकेच देऊ लागली. ‘लई खरं बोलले महाराज,’ ती शेजारणीला म्हणाली. प्रवचन संपून पंगत बसू लागली, एवढ्यात कमरेवर पाटी घेऊन पंकजा मांडवात शिरली, मागून रतनबाई आली, आणि बायडाबाईचे हुंदके जागच्या जागी आटले.

‘थांब गं. ती पाटी हिकडं नगं.’

‘का मावशी?’

‘का म्हंजी? त्या गरीब गाईच्या खिरीत काय कालवलंस सोमवारी?’

शांतपणे सत्य सांगायचे, असे पंकजा ठरवूनच आली होती. पाटी खाली ठेवून ती म्हणाली, ‘पिठीसाखर होती, मावशी.’

‘पिठीसाखर?’

‘हो. आपल्या साखर कारखान्याचीसुद्धा असेल, कुणी सांगावं.’

‘आन् मग शांभवी तीन दिस डोळं मिटून पडली ती?’

‘ती निकिता, शांभवीचं काम करणारी. तिला सर्दी झाली होती, म्हणून तिला झोपूनच ठेवलं. मधून घोरत होती, ते आवाज मागून पुसावे लागले.’

‘आगं, पर तिच्या पोटात लेकरू...’

‘उशी आहे, मावशी. छोटी उशी. दर महिन्याला मोठी बांधतात.’

रतनबाईने डोळे मिटून घेतले. आपली लेक निर्दोष ठरली, असे तिला क्षणभर वाटले असेल. पण बायडाबाईचे तोंड लाल झाले होते.

‘मी त्या लेकरापायी गुरुवार धरलेत गं!’ ती ओरडली. ‘एक खानं सोडलं! आन् तू म्हंतीस उशी?’

‘आमी समदी रडलो ती फुकट व्हय?’ मागून कोणी म्हणाले.

‘माझी सून तर दोन दिस जेवली न्हवती!’

बायडाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. ‘पंके, इख घालनारी परवडली. तिला नरक तरी हाय. पर उशी बांधून आमच्या डोळ्याचं पानी काढनारी? तू वाईट न्हाईस. तू लबाड हायेस. ने ती पाटी माघारी.’

सज्जनहो, सत्याची अशी गत होते. दोरी दाखवावी, तर लोक म्हणतात आमचा साप द्या. पंकजाने आईकडे पाहिले. रतनबाई पाटी उचलायला वाकली होती. गेल्या दोन दिवसांच्या सवयीने वाकली होती. ती वाकलेली पाठ पंकजाला पाहवली नाही. आणि तिच्या ध्यानात आले, की या माउल्यांना पंकजाशी देणेघेणेच नाही. त्यांची खरी सोयरीक आहे ती सुलक्षणेशी.

तिने पदर खोचला. मान किंचित तिरकी केली. डावी भुवई वर चढली, आणि रानडुकरांना पळवणारा तो आवाज पत्र्याच्या मांडवात घुमला.

‘रतनबाईंची पाटी कोणी अडवली?’

टाळकरी उभे राहिले. विणेकऱ्याच्या हातून वीणा सुटता सुटता राहिली. पंगतीत बसलेल्या बाप्यांनी आपापल्या पत्रावळी सरळ केल्या.

‘मी विचारते आहे,’ पंकजा एकेक पाऊल टाकत पुढे आली. ‘या मांडवात माझ्या आईची भाकरी बाजूला ठेवायची हिंमत कोणाची? बायडाबाई! बघता काय? गाठ सोडा!’

बायडाबाईच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीपेक्षा दुप्पट आनंद होता. ‘आगं बाई,’ ती पुटपुटली, ‘तीच की ही! जशीच्या तशी!’ आणि लगबगीने तिने फडक्याची गाठ सोडली. रतनबाईच्या भाकरी, तिसऱ्या दिवशी थापलेल्या, वाफ न गेलेल्या, त्या मोठ्या ढिगात ओतल्या गेल्या. कोणती कोणाची, हे पुन्हा देवालाही सांगता आले नसते.

मग पंकजाने आमटीची बादली उचलली. ‘मुकाट्याने जेवा,’ ती पंगतीवरून फिरत म्हणाली. ‘आणि पानात उष्टं टाकलंत, तर गाठ माझ्याशी आहे!’ अन्न टाकू नका म्हणून समिती कैक वर्षे कर्ण्यावरून हात जोडत आली होती. त्या दिवशी पत्रावळी अशा निघाल्या की शेळ्यांनी हुंगून सोडून दिल्या.

बायडाबाई पंगतीच्या टोकाला बसली. पंकजा जवळ येताच तिने द्रोण पुढे केला. ‘वाढ. पर आशी हळू नगं वाढू. भुवई चढवून वाढ.’ पंकजाने भुवई चढवून वाढले. भाकरी कुस्करत बायडाबाई हळूच म्हणाली, ‘येक सांगू का पंके? त्या लेकराला काय हू देऊ नगंस. तुज्या हातात हाय म्हून म्हंते.’

‘बघते मावशी,’ पंकजा म्हणाली.

आणि पंगतीच्या पार कडेला, उलट्या घातलेल्या रिकाम्या पाटीवर, रतनबाई बसली होती. ती जेवत नव्हती. कोण कोणती भाकरी मोडतो आहे, हे ती एकेका पानावर पाहत होती. आणि ओळखू येत नाही, म्हणून तोंडाला पदर लावून हसत होती. रखमाजी तिच्याशेजारी उभा होता. लेकीकडे तोंड करून.

हे दयाघना, या पंकजेचे कल्याण कर. तिचा आवाज असाच खणखणीत ठेव. तिला चांगल्या बायांची कामे मिळोत, आणि वाईट मिळाली तर ती आणखी वाईट मिळोत, म्हणजे तिच्या कलेला उपवास घडणार नाही. रखमाजीच्या गुडघ्यांना बळ दे. रतनबाईची चूल धगधगती ठेव, तिच्या परातीतले पीठ सरू देऊ नको, तिच्या दारात आलेला कोणी उपाशी जाऊ देऊ नको. त्या घराच्या उंबऱ्यावर लेकीची वाट पाहणारे डोळे सुखाने थकोत, आणि ती लेक दरसाल सप्ताहाला घरी येवो. बायडाबाईचे गुरुवार तू पावन करून घे; तिने ते उशीसाठी धरले असले, तरी धरले मायेनेच. सर्वांचे मंगल होवो, देवा. मंगल होवो.